एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय, पिशवी काढून टाकू का?

पत्राचा सारांश: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या ४२ वर्षांच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. गावातल्या महिला मंडळाच्या शिबिरात त्यांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची एचपीव्ही डीएनए टेस्ट आणि पॅप टेस्ट अशा दोन्ही तपासण्या करून घेतल्या. पॅप टेस्ट नॉर्मल आली. एचपीव्हीच्या रिपोर्टवर मात्र १६ नंबरच्या प्रकारापुढे लाल अक्षरांत 'डिटेक्टेड' असं आलं. रिपोर्ट रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि तो समजावून सांगायला कुणीच नव्हतं. ताईंचा नवरा बोटीवर नोकरीला आहे, तो चवथीला (गणपतीला) घरी येईल. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून येतो असं मोबाईलवर वाचल्यापासून त्यांच्या मनात नको ते विचार येतात. मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, तेव्हा दोष रक्तातच असेल आणि तो १४ वर्षांच्या लेकीलाही लागेल, अशी धास्ती आहे. जाऊ म्हणते, "दोन मुलं झाली, आता पिशवी हवी कशाला? काढून टाक आणि मोकळी हो." बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जायचं तर ओळखीचं कुणीतरी भेटणारच, ही वेगळी भीती. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "नणंद ५४ वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली तरी मध्ये दोनदा अंगावर लाल गेलं होतं, साखरेचाही त्रास आहे, पण तिची टेस्ट निगेटिव्ह आली. ती सुटली."

ताई,

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्हाला कॅन्सर आहे असं या रिपोर्टमध्ये कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या गर्भाशयाच्या मुखावर एका विषाणूचा अंश सापडला, एवढंच त्यात लिहिलं आहे. हे तुम्हाला कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं. लाल अक्षरांचा कागद रात्री मोबाईलवर धाडून द्यायचा आणि बाईला एकटीला रात्रभर जागत ठेवायचं, ही काही तपासणीची रीत नव्हे. शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना माझं मनापासून सांगणं आहे की पॉझिटिव्ह येणाऱ्या बाईशी कोण बोलणार आणि तिला पुढे कुठे पाठवायचं, हे आधी ठरवा, मगच शिबिराची तारीख ठरवा.

डीएनए म्हटल्यावर दोष आपल्या रक्तात, आपल्या घराण्यात आहे असं तुम्हाला वाटलं. या टेस्टमध्ये शोधतात तो डीएनए विषाणूचा असतो, तुमचा नव्हे. एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. त्यांतल्या चौदाएक प्रकारांनी गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि त्यातही १६ आणि १८ हे दोनच प्रकार मिळून या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींत शोधून काढले आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हा विषाणू वारशाने लेकीकडे जात नाही. मावशीच्या अंडाशयाच्या कॅन्सरचा घराण्याशी संबंध असू शकतो, म्हणून डॉक्टरांना तो इतिहास जरूर सांगा. पण तो विषय वेगळा, आजच्या रिपोर्टशी त्याचा काही संबंध नाही.

आता हा विषाणू शरीरात करतो काय, ते ऐका. बहुतेक बायकांना तो कधी आला आणि कधी गेला हे कळतही नाही, कारण वर्ष-दोन वर्षांत शरीरच त्याला हुसकावून लावतं. थोड्याजणींत मात्र तो ठाण मांडून बसतो. पेशींची वाढ आवरून धरणारी जी प्रथिनं आपल्या शरीरात असतात, त्यांना तो निकामी करतो. मग पेशी हळूहळू बदलायला लागतात. त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारणपणे १० ते २० वर्षं लागतात, आणि तेवढा सगळा काळ आपल्याला तो अडवायला मिळतो. शरीरातला दुसरा एखादा कॅन्सर इतकी वर्षं आधी इशारा देत असेल असं मला तरी आठवत नाही. तुमच्या हातात आलाय तो हा इशारा आहे.

तुम्ही विचारलंय की पॅप नॉर्मल आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह, तर यातलं खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत. पॅपमध्ये खरवडून काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि त्या बदलल्या आहेत का ते ठरवतात. नमुना नीट आला नाही किंवा बघणाऱ्याची नजर चुकली तर बदल निसटू शकतो. एचपीव्ही टेस्ट पेशींकडे बघतच नाही, बदल घडवणारा विषाणू तिथे आहे का एवढंच ती शोधते. त्यामुळे तिच्या नजरेतून फार कमी सुटतं. पण विषाणू असलेल्या सगळ्याच बायकांमध्ये बदल झालेले असतात असं नाही, म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या पुष्कळजणी पुढच्या तपासणीत अगदी ठणठणीत निघतात.

या टेस्टवर माझा भरवसा का आहे, तेही सांगते. तिची सगळ्यात मोठी परीक्षा आपल्याच मराठी बायकांवर झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्या अभ्यासात होत्या. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरत होती. काही गावांत एचपीव्ही टेस्ट, काहींत पॅप, काहींत नुसतं व्हिनेगरसारखं द्रावण लावून बघणं आणि काहींत नेहमीचीच सोय, अशी वाटणी होती. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, नेहमीच्याच सोयीवर राहिलेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले होते. बाकीच्या दोन तपासण्यांनी त्या अभ्यासात मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए टेस्टचीच शिफारस केली: वयाच्या तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बायकांनी २५ पासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी. ज्वारीच्या शेतात राबणाऱ्या त्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

तेव्हा तुम्ही टेस्ट केलीत हे उत्तमच झालं. आता पुढे काय?

तुमच्यात सापडलाय तो १६ नंबरचा प्रकार, सगळ्यांत चिवट. म्हणून पॅप नॉर्मल असलं तरी तुम्ही वर्षभर वाट बघू नका, कॉल्पोस्कोपी करून घ्या. (ज्या वाचकांच्या रिपोर्टवर १६ आणि १८ निगेटिव्ह, पण 'इतर उच्च जोखमीचे प्रकार' पॉझिटिव्ह आणि पॅप नॉर्मल असेल, त्यांना डॉक्टर बहुधा वर्षभराने पुन्हा टेस्ट करायला सांगतात. ते चालढकल करत नाहीत, तीच रीत आहे. मात्र वर्षाने खरंच जायचं.)

कॉल्पोस्कोपी म्हणजे ऑपरेशन नव्हे. बाह्यरुग्ण विभागातच होते, भूल देत नाहीत. पाळी चालू नसतानाचा दिवस घ्या, आणि आधीचे दोन दिवस संबंध किंवा आत ठेवायच्या गोळ्या-मलमं नकोत. पॅपच्या वेळी झोपला होता तसंच टेबलावर झोपायचं. डॉक्टर स्पेक्युलम (आतला मार्ग उघडा धरणारं साधन) घालतात आणि बाहेर उभ्या केलेल्या दुर्बिणीतून आतलं मोठं करून बघतात. दुर्बीण शरीरात जात नाही. मग कापसाने पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात. थोडं चुणचुणतं. मिनिटभरात, जिथे पेशी बदलल्या असतील ती जागा पांढरी पडते. त्यानंतर आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बदललेला भाग पिवळसर राहतो. कुठे शंका आली तर तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात, तीच बायोप्सी. त्या क्षणी चिमटा बसल्यासारखं होतं. रक्त थांबवायला एक औषध लावतात, त्यामुळे नंतर दोन-चार दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखा स्राव जातो. तो बघून घाबरू नका. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. कपडे बदलून तुम्ही तुमच्या पायांनी घरी याल. ताप आला, घाण वास यायला लागला किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं, तर मात्र त्याच दिवशी परत दाखवा.

बायोप्सीत काही नाही आलं, तर नियमाने पुढची टेस्ट. अगदी हलके बदल आले, तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात, कारण ते आपोआप जायची शक्यता बरीच असते. मधले किंवा जास्त बदल आले, तर तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा विजेच्या बारीक तारेच्या फाशाने कापून काढतात. त्याला लीप म्हणतात. जागा बधिर करून करतात, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी सोडतात. पिशवी जागच्या जागी राहते.

आता जाऊबाईंचा सल्ला. त्यांनी तो काळजीपोटीच दिला असणार, पण तो मानू नका. माडावर भुंगा दिसला म्हणून आपण माड तोडत नाही, पाडेल्याला वर चढवून शेंडा बघायला लावतो. विषाणूवर पिशवी काढणं हा उपायच नाही. पिशवी गेली तरी तो योनीमार्गात राहू शकतो, आणि क्वचित तिथेही रोग करू शकतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे, तेवढं तरी जाऊबाईंना नक्की सांगा. आत खरोखरच कॅन्सर लपला असेल आणि तो न तपासता कुणी साधी पिशवी काढून टाकली, तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं. कॅन्सरसाठीचं ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूचा भागही काढणारं, आणि कधी ऑपरेशनऐवजी रेडिएशनच द्यावं लागतं. आधी अर्धवट काम झालं की पुढचे उपचार अवघड होतात. नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट बघून, कॉल्पोस्कोपी न करता, "पिशवी काढून टाकूया" म्हणणारे डॉक्टर भेटले, तर कागद उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आणि आता ती शेवटची ओळ, नणंदेची. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली.

ताई, तुमच्या नणंदबाई सुटलेल्या नाहीत. त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या, तुमच्याही आधी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी लागला, तरी त्याची तपासणी झालीच पाहिजे. यातल्या साधारण दहापैकी नऊजणींत कारण साधं निघतं: आतली त्वचा कोरडी पडलेली असते, मस्सा (पॉलिप) असतो. पण दहावीत ते गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. वजन आणि मधुमेह यांनी त्याची शक्यता वाढते. आणि या कॅन्सरशी एचपीव्हीचा काहीच संबंध नसल्यामुळे ती टेस्ट निगेटिव्ह आली याला इथे अर्थ नाही. त्यांना आतून सोनोग्राफी लागेल, त्यात अस्तराची जाडी मोजतात, आणि गरज वाटली तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा काढून तपासतात. हा कॅन्सर रक्तस्रावाने लवकर ओळख देतो. वेळेत गेलं तर बहुतेकजणी पूर्ण बऱ्या होतात. म्हणून तर इतकं आवर्जून सांगतेय.

शिबिरांमधून एक गैरसमज पसरलाय की ही एक टेस्ट केली म्हणजे बाईच्या सगळ्या कॅन्सरची तपासणी झाली. तसं नाही. ही टेस्ट गर्भाशयाच्या मुखासाठी आहे. योनी आणि बाह्य जननेंद्रियाच्या काही कॅन्सरमागेही एचपीव्ही असतो, पण ते कॅन्सर मुळात कमी आढळतात. गर्भाशयाचं अस्तर आणि अंडाशय यांच्याबद्दल ही टेस्ट एक अक्षर सांगत नाही. तुमच्या मावशीच्या आजाराला तर अजून अशी भरवशाची चाळणी तपासणीच नाही. तिथे लक्षणांवरच नजर ठेवावी लागते: आठवडेच्या आठवडे पोट फुगलेलं राहणं, चार घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं. आणि संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं किंवा दुर्गंधीचा स्राव असेल, तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवायचं. गर्भाशयमुखाचे थोडे कॅन्सर एचपीव्हीशिवायही होतात.

आता नवऱ्याविषयी. तुम्ही लिहिलंय, "मी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही, मग हे आलं म्हणजे त्यानेच आणलं ना?" तुमची घालमेल मला समजते. महिनोन्‌महिने माणूस समुद्रावर असतो, मनाला फाटे फुटायला वेळ लागत नाही. पण हा रिपोर्ट त्याच्याविरुद्धचा पुरावा नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतो. तो वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो, लग्नाच्या आधीचाही असू शकतो. तो कधी आला आणि कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणी कुठेच नाही. पुरुषांसाठी तर याची मान्यताप्राप्त चाळणी तपासणीसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही त्याला कितीही खोदून विचारलंत तरी या कागदावरून उत्तर मिळायचं नाही, आणि मन मात्र दोघांचंही विटेल. तुमच्या संसारात संशयाला दुसरी काही कारणं असतील, तर त्यांवर वेगळं बोला. या रिपोर्टच्या जोरावर नको.

सांगावं की नाही? माझं मत, सांगा. सगळं फोनवर नको. रेंज मध्येच जाते आणि अर्धंच वाक्य पोचतं. आत्ता एवढंच कळवा की तपासणीत एक गोष्ट आली आहे, डॉक्टर पुढची तपासणी करायला सांगतात, काळजीचं कारण नाही. बाकीचं तो घरी आल्यावर समोरासमोर. आणि तो सिगारेट ओढत असेल किंवा घरात कुणी मशेरी लावत असेल, तर तेही बंद करायची हीच वेळ. धूम्रपानाने हा विषाणू शरीरात टिकून राहायला मदत होते. कॉल्पोस्कोपीसाठी नवऱ्याची सही लागत नाही, तुमची स्वतःची संमती पुरते. त्यामुळे त्याच्या येण्यासाठी थांबायची गरज नाही. दोन-चार आठवडे इकडेतिकडे झाले म्हणून काही बिघडत नाही, पण गणपतीची माटोळी बांधायच्या आधी हे काम उरकून घ्या. चवथीनंतर बघू म्हटलं की दिवाळी येते, मग जत्रा येतात, आणि बायकांची दुखणी शिगम्यापर्यंत तशीच राहतात. असं होताना मी फार पाहिलंय.

बांबोळीला ओळखीचं भेटेल ही भीती खरी आहे, एवढ्याशा गोव्यात कुणीतरी भेटणारच. पण गोमेकॉच्या स्त्रीरोग ओपीडीत गरोदर बायका असतात, पाळीच्या तक्रारी असतात, टाके दाखवायला आलेल्या असतात. तुम्ही कशासाठी आलात हे कपाळावर लिहिलेलं नसतं. विचारलंच कुणी, तर "नणंदेला घेऊन आले" म्हणा. ते खोटंही ठरणार नाही, कारण दोघींनी एकत्रच जायचं आहे. आधी फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून तिथून चिठ्ठी घेऊन गेलात तर बरं. दोन्ही रिपोर्टच्या छापील प्रती काढा, नुसत्या मोबाईलवर नकोत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तेही बरोबर ठेवा. शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्यांची नावं कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना विचारा: गर्भाशयमुखाचा सगळा भाग नीट दिसला का, बायोप्सी घेतली का, रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळेल. बायोप्सीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नका, स्वतः जाऊन घ्या आणि तिथेच समजून घ्या.

राहिली लेक. १४ हे वय तिच्यासाठी लसीचं अगदी योग्य वय आहे. एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली लागू पडते, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' आता देशातच बनते. या वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अखेरीस एक डोसही चालेल असं म्हटलं आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाली की काही लसींना तीन डोस सांगतात, म्हणून वाढदिवसाच्या आत चौकशी करा: आधी आरोग्य केंद्रात, नाहीतर बालरोगतज्ज्ञांकडे. लस घेतली तरी तिशीनंतर तिला ही टेस्ट करावीच लागेल. तुम्हाला स्वतःला मात्र आत्ता लस घेऊन आलेला विषाणू जाणार नाही, तेव्हा त्यासाठी कुणी पैसे मागितले तर आधी कॉल्पोस्कोपी होऊ दे म्हणून सांगा.

नणंदबाईंना आजच फोन करा.